फोटोशॉप ‘स्क्रॅच डिस्क फुल’ म्हणतंय? नवी रॅम घेण्याआधी हे तपासा

लग्नसराई सुरू झाली, की अल्बम लावणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर एक चौकट हमखास उगवते: ‘कुड नॉट कम्प्लीट युअर रिक्वेस्ट बिकॉज द स्क्रॅच डिस्क्स आर फुल.’ ओके दाबलं की ती जाते, पुढचं काही करायला गेलं की पुन्हा हजर. मग कुणीतरी सांगतं, ‘रॅम वाढव.’ रॅम वाढते, पैसे जातात आणि चौकट तशीच येत राहते. येणारच. तिच्यात रॅमचं नावही नाही, ती डिस्कची तक्रार आहे: फोटोशॉप ज्या ड्राइव्हवर आपलं कच्चं काम करतं, ती स्क्रॅच डिस्क भरली आहे.

फोटोशॉप नव्याने शिकणाऱ्यांसाठी, विशेषतः स्टुडिओत अल्बम लावणाऱ्या आणि फ्लेक्स बनवणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय. आपल्याकडच्या स्टुडिओंत बहुतेक विंडोजच असतं, म्हणून तेच धरून चालू. मॅकवर जिथे वेगळं आहे तिथे सांगेन. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. प्रत्येक पायरीनंतर फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा आणि फरक पडला का ते बघा. एकदम पाच सेटिंग बदलली, तर नेमकं कशाने बरं झालं (किंवा बिघडलं) ते कधीच कळत नाही.

पायरी पहिली: चौकट वाचा

इंग्रजी चौकट दिसली की हात आपोआप ओकेवर जातो. तो थांबवा आणि मोबाइलवर चौकटीचा फोटो काढून ठेवा. साधारण चार प्रकार असतात.

काम चालू असताना ‘स्क्रॅच डिस्क्स आर फुल’ आलं, तर डिस्कवरची जागा संपली आहे किंवा तुम्ही फोटोशॉपला काहीतरी अवाढव्य करायला सांगितलं आहे.

‘कुड नॉट इनिशियलाइज फोटोशॉप’ अशी सुरुवात असून शेवटी पुन्हा स्क्रॅच डिस्कच असेल, तर जागा इतकी कमी आहे की फोटोशॉप उघडतही नाही.

‘नॉट इनफ मेमरी’ आणि कंसात रॅम असं आलं, तर मात्र गोष्ट खरंच मेमरीची आहे. तरीही लगेच दुकानात पळू नका, पुढे सेटिंग बघायचं आहे.

चौथा प्रकार म्हणजे चौकट येतच नाही, नुसतं सगळं मंदावतं. ब्रश ओढला की रेघ मागून येते, कर्सरचं चक्र फिरत राहतं. हे ओळखायला थोडं मोजमाप लागतं. ते पाचव्या पायरीत आहे.

पायरी दुसरी: फाइल मुळात केवढी आहे?

नवीन माणूस फाइलचा आकार फोल्डरमध्ये बघतो. जेपीईजी ८ एमबीची आहे, मग एवढ्याशा फाइलला काय झालं, असं त्याला वाटतं. पण जेपीईजी ही दाबून बसवलेली फाइल असते. फोटोशॉपमध्ये उघडली की ती पूर्ण उलगडते, आणि मेमरीत जागा लागते ती उलगडलेल्या आकाराला.

हिशोब सोपा आहे: लांबीचे पिक्सेल गुणिले रुंदीचे पिक्सेल गुणिले तीन. आरजीबीतले लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनल असतात, आणि ८ बिटमध्ये प्रत्येकाला एक बाइट लागतो. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो ६००० × ४००० असतो, म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल आणि ७ कोटी २० लाख बाइट. फोटोशॉप ते ६८.७ एमबी असं दाखवतं. तोच फोटो रॉमधून (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमधून) १६ बिटमध्ये उघडला की सरळ दुप्पट, १३७ एमबीच्या पुढे.

आता अल्बमची शीट घ्या. १२ × ३६ इंच, ३०० डीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल), म्हणजे ३६०० × १०८०० पिक्सेल. रिकामी पांढरी शीटच १११ एमबीची होते. त्यावर बॅकग्राउंड, नवरा-नवरीचे सात-आठ फोटो, सावल्या, मास्क आणि कुठून तरी उतरवलेल्या पीएसडीतली (फोटोशॉपच्या स्वतःच्या प्रकारच्या फाइलीतली) फुलं-पानं आली की आकडा जीबीत जातो. खिडकीच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात हे दिसतं. तिथला छोटा बाण दाबून ‘डॉक्युमेंट साइझेस’ निवडा. डावीकडचा आकडा सगळे लेअर एकत्र केल्यावरचा, उजवीकडचा लेअरसकट. उजवा आकडा डाव्याच्या दहा-पंधरा पट दिसला तर दचकू नका. मात्र अशा चार शीट एकदम उघड्या ठेवायची सवय मोडा.

खरी गंमत फ्लेक्सवाल्यांची. १० × २० फुटांचा बॅनर ३०० डीपीआयला उघडला तर ३६,००० × ७२,००० पिक्सेल होतात. रिकामी फाइलच सव्वासात जीबीच्या आसपास! शिवाय साध्या पीएसडीत कुठलीही बाजू ३०,००० पिक्सेलपलीकडे जात नाही, त्यामुळे ती सेव्ह करायलाही पीएसबी हा मोठ्या फाइलींचा प्रकार लागतो. तोच बॅनर ७२ डीपीआयला घेतला तर ४२७ एमबी. चौकात पंधरा-वीस फुटांवरून बघणाऱ्याला दोन्हींतला फरक दिसत नाही. ३०० हा आकडा हातात धरून बघायच्या छपाईसाठी आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सला तो लावणं म्हणजे कॉम्प्युटरला विनाकारण शिक्षा. छापणाऱ्याला किती डीपीआयची फाइल हवी ते आधी विचारा आणि तेवढंच घ्या.

आणखी एक सापळा आहे, आणि डिस्कवर भरपूर जागा असूनही चौकट येत असेल तर बहुधा हाच असतो. क्रॉप टूल घेतल्यावर वरच्या पट्टीत रुंदी, उंची आणि रिझोल्युशनचे रकाने असतात. तुम्हाला हवेत ६०० × ८०० पिक्सेल, पण रकान्यात एकक इंच आहे आणि रिझोल्युशन ३००. तुम्ही ६०० आणि ८०० लिहून एंटर मारता, आणि फोटोशॉप १,८०,००० × २,४०,००० पिक्सेलचं चित्र बनवायला निघतं. त्याला १२० जीबीच्या आसपास जागा लागते. बिचारं ‘डिस्क भरली’ म्हणणार नाही तर काय! पट्टीवरचं ‘क्लिअर’ बटण दाबा आणि आकड्यापुढे एकक लिहायची सवय लावा: पिक्सेलसाठी पीएक्स, इंचासाठी आयएन. ‘इमेज साइझ’ आणि ‘न्यू डॉक्युमेंट’च्या चौकटींतही एककाची यादी एकदा बघूनच ओके करा.

पायरी तिसरी: डिस्कवर जागा करा

गणिताच्या पेपरात कच्च्या कामाला शेवटची पानं ठेवतात, तसं फोटोशॉप आपलं कच्चं काम करायला डिस्कवर एक तात्पुरती फाइल उघडतं. तिलाच स्क्रॅच फाइल म्हणतात. रॅम भरपूर असली तरी ती उघडतेच, त्यामुळे ‘माझ्याकडे ३२ जीबी रॅम आहे, मला काय गरज’ हा युक्तिवाद चालत नाही.

गाडं अडतं ते इथे: फोटोशॉप ही फाइल आपणहून सी ड्राइव्हवर ठेवतं. आणि आपल्याकडे असेंबल केलेल्या कॉम्प्युटरांवर सी ड्राइव्ह बहुतेक वेळा शंभरेक जीबीचा काढून दिलेला असतो, बाकी सगळी जागा डी आणि ई मध्ये. सी वर विंडोज, सगळी सॉफ्टवेअर, डेस्कटॉपवर टाकलेली लग्नं (डेस्कटॉपही सी वरच असतो, हे अनेकांना ठाऊक नसतं) आणि मोबाइलवरून आलेल्या फाइलींचा डाउनलोड फोल्डर. ‘धिस पीसी’ उघडा. सी ची पट्टी लाल दिसली तर निम्मं निदान तिथेच झालं.

साफसफाई करताना फोटोशॉप आधी बंद करा. मग विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा. येणाऱ्या छोट्या चौकटीत टक्क्याची खूण, इंग्रजीत टेम्प, पुन्हा टक्क्याची खूण असं मध्ये जागा न सोडता लिहून एंटर मारा. तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर उघडेल. तिथे ‘फोटोशॉप टेम्प’ आणि पुढे लांबलचक आकडा अशा नावाच्या फाइली असतील तर त्यांचा आकार बघा. फोटोशॉप नीट बंद झालं की आपली स्क्रॅच फाइल स्वतःच काढून टाकतं, पण ते मध्येच कोलमडलं किंवा वीज गेली, की फाइल तशीच पडून राहते. ज्या गावात दिवसातून दोनदा वीज जाते आणि यूपीएसची बॅटरी नावालाच उरलेली असते, तिथे अशा अनाथ फाइलींनी कित्येक जीबी अडवलेले सापडतात. फोटोशॉप बंद असेल तर त्या बिनधास्त उडवा. स्क्रॅच आधीपासून दुसऱ्या ड्राइव्हवर असेल तर याच नावाच्या फाइली त्या ड्राइव्हच्या अगदी सुरुवातीच्या पातळीवर, कुठल्याही फोल्डरच्या बाहेर शोधा.

त्यानंतर रिसायकल बिन रिकामा करा. डाउनलोड आणि डेस्कटॉपवरची मोठी फोल्डर डी वर हलवा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज इथे गेलात तर कशाने किती जागा खाल्ली ते दिसतं. रॉ फाइली उघडणाऱ्यांनी कॅमेरा रॉच्या प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्सखाली ‘पर्ज कॅशे’ दाबावं, म्हणजे जपून ठेवलेली तात्पुरती माहिती पुसली जाते. तिथेच कॅशेची जागाही दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येते.

किती जागा मोकळी हवी? माझा अंदाज सांगतो: अल्बमचं काम असेल तर स्क्रॅचच्या ड्राइव्हवर निदान ५० जीबी, मोठे फ्लेक्स असतील तर १०० जीबी. एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) काठोकाठ भरली की तिचा लिहिण्याचा वेगही घसरतो, म्हणून थोडी जागा कायम रिकामी सोडावीच.

मॅकवाल्यांना एक वेगळंच कोडं पडतं. फाइंडर म्हणतो ६० जीबी मोकळे आहेत, फोटोशॉप म्हणतं डिस्क भरली. फाइंडरच्या आकड्यात ‘पर्जेबल’ म्हणजे मॅक गरज पडल्यावर मोकळी करू शकेल अशी जागाही धरलेली असते. टाइम मशीनच्या स्थानिक प्रती त्यातच येतात. फोटोशॉपला लागते ती आत्ता, या क्षणी मोकळी असलेली जागा. डिस्क युटिलिटी उघडून खरा आकडा बघा.

पायरी चौथी: स्क्रॅच डिस्क बदला

फोटोशॉप उघडत असेल तर कंट्रोल आणि के दाबा. प्रेफरन्सेसची चौकट येईल. डावीकडच्या यादीत ‘स्क्रॅच डिस्क्स’ निवडा. मॅकवर कमांड आणि के. सगळे ड्राइव्ह, त्यांच्यावरची मोकळी जागा आणि पुढे टिकची चौकट दिसेल. जास्त जागा असलेल्या वेगवान ड्राइव्हवर टिक करा, बाजूच्या बाणाने तो सगळ्यात वर न्या, ओके करा आणि फोटोशॉप बंद करून उघडा. उघडल्याशिवाय बदल लागू होत नाही, आणि नवीन मंडळी नेमकी इथेच ‘केलं, पण काही झालं नाही’ म्हणतात.

फोटोशॉप उघडतच नसेल तर त्याच्या आयकॉनवर डबल क्लिक केल्याबरोबर कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा. मॅकवर कमांड आणि ऑप्शन. स्क्रॅच डिस्क निवडायची छोटी चौकट येते. तिथे सी ऐवजी दुसरा ड्राइव्ह द्या. पहिल्यांदा जमलं नाही तर बटणं जरा लवकर दाबून पुन्हा बघा.

कुठला ड्राइव्ह निवडायचा यावर थोडं थांबायला हवं, कारण चुकीच्या समजुती इथेच जास्त आहेत. जुना नियम असा होता, की विंडोज एका डिस्कवर आणि स्क्रॅच दुसऱ्या डिस्कवर. फिरत्या हार्ड डिस्कला वाचायला-लिहायला एकच हात असतो आणि दोन ठिकाणी एकदम काम आलं की तो इकडून तिकडे पळत राहतो, म्हणून तो नियम. पण नियम वेगळ्या डिस्कचा होता, वेगळ्या ड्राइव्ह-अक्षराचा नव्हे. एकाच डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग केले असतील, तर स्क्रॅच डी वर नेल्याने जागेचा प्रश्न सुटतो, वेग मात्र वाढत नाही.

तुमच्याकडे काय आहे ते बघायला टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सवर जा. ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ अशा नोंदी असतात, पुढे कंसात त्या डिस्कवरच्या ड्राइव्हची अक्षरं आणि खाली एसएसडी की एचडीडी ते लिहिलेलं असतं. सी छोट्या एसएसडीवर आणि डी जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर पंचाईत होते, कारण जागा डी वर आणि वेग सी वर. अशा वेळी मी सी साफ करून स्क्रॅच तिथेच पहिल्या क्रमांकावर ठेवेन आणि डी दुसऱ्या क्रमांकावर टिक करेन. वरचा भरला की फोटोशॉप खालच्याकडे वळतं. काम मंदावेल, पण अडणार नाही. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबीच्या आसपास लिहिते, सॅटा एसएसडी पाचशेच्या आसपास, एनव्हीएमई ही आणखी वेगवान जातीची एसएसडी त्याच्याही कित्येक पट. एवढा फरक कुठल्याही टिकमार्कने भरून निघत नाही.

पेन ड्राइव्ह आणि नेटवर्कवरचा ड्राइव्ह स्क्रॅचला देऊ नका. यूएसबी ३ ची बाहेरची एसएसडी चालते. फक्त काम चालू असताना कुणी तिची वायर काढली तर फोटोशॉप जागच्या जागी कोसळतं, आणि स्टुडिओत गिऱ्हाइकाचे फोटो कॉपी करायला वायरी काढणारा हात नेहमीच कुणाचा तरी असतो.

पायरी पाचवी: रॅम किती द्यायची आणि पुरते का, ते कसं बघायचं

प्रेफरन्सेसमध्येच ‘परफॉर्मन्स’ उघडा. ‘लेट फोटोशॉप यूज’ असं लिहून पट्टी असते. उपलब्ध रॅमपैकी ७० टक्के फोटोशॉप मुळातच घेतं. तुमच्या मशीनसाठी योग्य मर्यादा कोणती, तेही ‘आयडियल रेंज’ म्हणून तिथेच दिलेलं असतं.

ही पट्टी शंभरपर्यंत ओढायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरा. विंडोजलाही जगायला रॅम लागते. विंडोजला ती उरली नाही, की विंडोज रॅममधला मजकूर स्वतःच्या पेजिंग फाइलमध्ये, म्हणजे पुन्हा डिस्कवरच, टाकू लागते. त्यात फोटोशॉपचा मजकूरही जातो. फोटोशॉपला वाटतं आपण रॅममध्ये काम करतोय, प्रत्यक्षात सगळं डिस्कवर चाललेलं असतं. त्यामुळे पाच-पाच टक्क्यांनी वाढवा आणि ८५ च्या पुढे जाऊ नका. ८ जीबीच्या मशीनवर ७० सुद्धा जास्त वाटू शकतं, कारण बाजूला क्रोममध्ये पंधरा टॅब आणि व्हॉट्सॲप उघडं असतं. तिथे टक्के वाढवण्यापेक्षा क्रोम बंद करणं जास्त कामाला येतं.

आता मोजमाप. तळाच्या डाव्या कोपऱ्यातला तोच बाण दाबून ‘एफिशियन्सी’ निवडा. १०० टक्के दिसत असेल तर सगळं काम रॅममध्ये मावतंय. अजून रॅम घालून वेग वाढणार नाही, तुमचा संथपणा दुसरीकडून येतोय. आकडा नव्वदच्या खाली सरकून तिथेच राहत असेल, तर फोटोशॉप सारखं डिस्ककडे धावतंय, आणि रॅमचा खर्च वसूल होईल. पण हा आकडा रिकाम्या फाइलवर बघून उपयोग नाही. तुमची नेहमीची, सगळ्यात जड शीट उघडा, दहा-पंधरा मिनिटं नेहमीसारखं काम करा आणि मग बघा. दुकानात ‘रॅम कमी पडतेय’ म्हणून सांगायच्या आधी हा एक आकडा तुमच्याजवळ असावा, इतका माझा आग्रह आहे.

एक शंका वारंवार येते: सगळ्या फाइली बंद केल्या तरी टास्क मॅनेजरमध्ये फोटोशॉप रॅम सोडत नाही. ते तसंच वागतं. घेतलेली रॅम पुढच्या फाइलसाठी जवळ ठेवतं, पूर्ण बंद केल्यावरच सोडतं. तो बिघाड नाही.

‘नॉट इनफ मेमरी’ची चौकट मात्र येत असेल, तर आधी टक्के ७० वर आणा आणि मग विंडोजची व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे वर आलेल्या पेजिंग फाइलचं सेटिंग, बघा. स्टार्टमध्ये ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधा. परफॉर्मन्समधलं सेटिंग्ज, तिथे ॲडव्हान्स्ड, मग व्हर्च्युअल मेमरी. ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’वर टिक असू द्या. वेग वाढेल म्हणून कुणी पेजिंग फाइल बंद करून ठेवलेली असते, आणि तो उपाय नेमका उलटा बसतो.

पायरी सहावी: हिस्टरी, कॅशे आणि बाकीचं

परफॉर्मन्सच्याच पानावर ‘हिस्टरी स्टेट्स’ ५० असतात, म्हणजे पन्नास पावलं मागे जाता येतं. दर पावलाला फोटोशॉप चित्राचा बदललेला भाग जपून ठेवतं. चेहऱ्यावरचा एक मुरूम काढला तर बदल चिमूटभर, पण पूर्ण शीटवर ब्लर किंवा फिल्टर मारला तर सगळी शीटच बदलते. १११ एमबीच्या शीटवर अशी पन्नास पावलं म्हणजे साडेपाच जीबी, तेही एका लेअरचे. अल्बम लावणाऱ्याला वीस पावलं पुरतात. बारीक रिटचिंग करणाऱ्यांनी मात्र हा आकडा कमी करू नये. तिथे पावलं जास्त लागतात आणि दर पाऊल स्वस्त असतं.

काम अडलंच असेल, फाइल सेव्हही होत नसेल, तर ‘एडिट’ मेनूत ‘पर्ज’, मग ‘हिस्टरीज’ किंवा ‘ऑल’. अडवलेली जागा लगेच सुटते. त्यानंतर अनडू करता येणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

कॅशे लेव्हल्स ४ आणि टाइल साइझ जे आहे तेच राहू द्या. यूट्यूबवर हे आकडे बदलून ‘फोटोशॉप रॉकेट’ करणारे पुष्कळ व्हिडिओ आहेत. अल्बमच्या कामात मला त्यातून हाताला जाणवेल असा फरक दिसलेला नाही.

ग्राफिक्स कार्डचा प्रश्न वेगळा. झूम करताना चित्र काळं पडणं, चौकोन उडणं अशा गोष्टी दिसल्या तर ‘यूज ग्राफिक्स प्रोसेसर’ची टिक तात्पुरती काढून बघा. त्रास थांबला तर कार्डचा ड्रायव्हर अपडेट करून टिक परत लावा, कायमची काढून ठेवू नका. वेगळं कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर ग्राफिक्सची मेमरीही मुख्य रॅममधूनच उचलली जाते, त्यामुळे ८ जीबीचा लॅपटॉप फोटोशॉपच्या दृष्टीने पूर्ण ८ जीबीचा नसतो.

‘फाइल हँडलिंग’मध्ये दर दहा मिनिटांनी रिकव्हरीची माहिती आपोआप जपण्याची सोय आहे. वेगासाठी ती बंद करायचा सल्ला मिळेल. वीज जाणाऱ्या गावात तो ऐकू नका.

जुन्या आवृत्त्या आणि गिंप

२००२ सालचं फोटोशॉप ७ आजही अनेक स्टुडिओंत सुखाने चालतं. ते ३२ बिटचं आहे, म्हणून मशीनमध्ये ३२ जीबी रॅम घातली तरी त्याला ४ जीबीच्या पलीकडे पोहोचता येत नाही. विंडोजवर ६४ बिटचं फोटोशॉप २००८ च्या सीएस ४ पासून आलं, मॅकवर २०१० च्या सीएस ५ पासून. त्याआधीची आवृत्ती वापरत असाल तर रॅमचा खर्च फोटोशॉपसाठी तरी करू नका, स्क्रॅच तेवढी मोकळ्या ड्राइव्हवर न्या. फोटोशॉप ७ मध्ये ते सेटिंग प्रेफरन्सेसमधल्या ‘प्लग-इन्स अँड स्क्रॅच डिस्क्स’खाली सापडेल.

गिंप या फोटोशॉपसारख्याच मोफत सॉफ्टवेअरमध्ये हेच सगळं वेगळ्या नावांनी आहे. ‘एडिट’, ‘प्रेफरन्सेस’, ‘सिस्टिम रिसोर्सेस’ इथे टाइल कॅशे म्हणजे किती रॅम वापरायची ते, आणि ‘फोल्डर्स’मध्ये स्वॅप फोल्डर म्हणजे कच्च्या कामाची जागा. डॅशबोर्ड नावाचा एक डायलॉग उघडला की कॅशे आणि स्वॅप किती भरलंय ते आलेखात दिसत राहतं. फोटोशॉपच्या एफिशियन्सीपेक्षा मला तो जास्त बोलका वाटतो.

रॅम घ्यायचीच ठरली तर

एवढं करूनही जड शीटवर एफिशियन्सी खालीच राहत असेल, तर खुशाल घ्या. आजच्या फोटोशॉपला किमान ८ जीबी लागते, अल्बमच्या कामाला १६ बरी, आणि रोज मोठे फ्लेक्स असतील तर ३२. पण सी अजून फिरत्या हार्ड डिस्कवर असेल, तर पहिला पैसा एसएसडीवर घाला.

लॅपटॉप असेल तर रॅम वाढवता येते का ते आधी बघा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच डाखलेली असते, आणि ॲपलच्या एम चिपच्या लॅपटॉपांत तर घेताना जेवढी घेतली तेवढीच. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, इथे किती स्लॉट आहेत, किती भरलेत आणि रॅमचा वेग किती ते कळतं. डीडीआर ४ च्या खाचेत डीडीआर ५ बसत नाही, म्हणून आधीच्या पट्टीवरच्या लेबलचा फोटो दुकानात घेऊन जा. ८ ची एक पट्टी असेल आणि स्लॉट मोकळा असेल, तर शक्यतो तशीच दुसरी ८ ची घ्या. दोन सारख्या पट्ट्या जोडीने चालतात आणि रॅमशी देवाणघेवाण वेगाने होते. ग्राफिक्सही रॅमवरच चालणाऱ्या मशीनवर तो फरक जास्त जाणवतो.

नवी रॅम बसली की परफॉर्मन्सच्या पानावर उपलब्ध रॅमचा आकडा वाढलाय का ते दुकानातून निघण्याआधीच बघून घ्या.